आईच्या हयातीबाबत खुलासा

पेठ रोड, नाशिक
मंगळवार, दिनांक ९ मार्च २००४
सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. नळाला अजून पाणी आलेले नाही. बादली रांगेत लावून पायरीवर बसलो आहे.

तीर्थस्वरूप जयराममामांस,

धनराजचा शिरसाष्टांग नमस्कार. (वडिलांना ‘तीर्थरूप’ आणि इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’ लिहावे, असा नियम आहे. मामा नेमका कशात मोडतो हे मी दोन जाणत्या माणसांना विचारले, दोघांनी निराळी उत्तरे दिली. आईला सहज विचारले की भावाला काय म्हणून लिहितात, तर ती म्हणाली, काही लिहीत नाहीत. तेव्हा मायन्यात काही कमीजास्त झाले असल्यास क्षमा असावी.) आपली, मामींची, मोहिनीताईची आणि तिच्या बाळाची प्रकृती ठीक असेल अशी आशा करतो. बाळ आता चार वर्षांचे असेल, म्हणजे बाळ म्हणणे बरोबर नाही, पण नाव कळलेले नसल्यामुळे इलाज नाही.

इकडे आईची प्रकृती उत्तम आहे. हे मी मुद्दाम आधी लिहितो, कारण आपल्याकडे तिच्याविषयी वेगळी बातमी पोहोचली असण्याचा संभव आहे. आई २९ फेब्रुवारीला वारलेली नाही. त्या दिवशी तिने अकरा माणसांचा स्वयंपाक केला. बातमी का पसरली आणि तीत माझा हात किती, हे खाली सविस्तर लिहितो. कृपया शेवटपर्यंत वाचावे. अर्धे पत्र वाचून थांबल्यामुळेच हा सगळा प्रकार घडला आहे.

आपणास आठवत असेल, मी शाळेत असल्यापासून आपल्या माणसांची पत्रे लिहून देत असे. दहावीत गणित आणि इंग्रजीने मला सोडले, पण मराठीने धरून ठेवले होते. हंगामाला वडिलांबरोबर निफाडला द्राक्षबागेत गेलो की संध्याकाळी झाडाखाली लोक माझ्यासमोर रांग लावत. एकेकजण म्हणे, “लिही, इकडं समदं बरं हाय,” आणि रडायला लागे. रडणे कसे लिहावे हे मला कुणी शिकवले नव्हते, म्हणून मी ‘इकडील सर्व क्षेम’ एवढेच लिहून खाली त्याचा अंगठा घेत असे. पुढे जागोजागी फोनचे बूथ निघाले. लोक बूथवर जाऊन स्वतःच रडू लागले आणि माझे काम संपले. वडील गेल्यावर मी आणि आई नाशिकला आलो. आपल्याला पत्र लिहिण्याचा प्रश्न नव्हता, कारण मोहिनीताईच्या लग्नात आईला जी साडी मिळाली ती आदल्या वर्षी आईनेच मामींना नेसवलेली होती, हे आईने काठावरच्या डागावरून ओळखले, आणि तेव्हापासून आपल्या दोन्ही घरांत बोलणे नाही. (मी कोणाची बाजू घेत नाही. डाग मात्र मी पाहिला आहे.)

अशा रीतीने माझे लिहिणे बंद पडले ते पडलेच. मी सध्या कचेरीजवळ राकेशभाऊंच्या दुकानात झेरॉक्सच्या मशीनवर असतो. दिवसभर लोकांचे लिहिलेले कागद माझ्या हाताखालून जातात, पण त्यात माझे एक अक्षर नसते. सुरुवातीला मला त्रास होई. एका गृहस्थांच्या प्रतिज्ञापत्रात ‘मी शपथपूर्वक’मधला ‘पू’ ऱ्हस्व होता, तो मी झेरॉक्स काढण्याआधी पेनाने दीर्घ केला. त्यावर त्यांनी दुकानासमोर जो आवाज केला तो ऐकून तिठ्यावरचा पोलीस चौकशीला आला. राकेशभाऊंनी मला बाजूला घेऊन सांगितले, “धनराज, आपण मशीन आहोत. मशीनला शुद्धलेखन येत नाही.” तेव्हापासून मी वाचायचेही सोडले. नुसते कागदाचे कोपरे जुळवतो.

आता मूळ विषय. आपणास गोटीरामकाका माहीत असतील. आमच्या गावाच्या वरच्या पाड्यावरचे, वडिलांबरोबर निफाडला येणारे. त्यांची मुलगी ललिता बारावी झाली असून पाड्यावरच्या अंगणवाडीत शिकवते. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात मी आहेर लिहायला बसलो होतो. वहीवर वरती ‘शुभाशीर्वाद’ लिहिले होते. ती आली, वाकून पाहिले आणि म्हणाली, “शी दीर्घ का लिहिली? समदे तर ऱ्हस्व लिहितात.” मी म्हणालो, समदे चुकतात. जाताना तिने परत वळून वहीत पाहिले. तेव्हापासून माझ्या मनात एक विचार आहे. तो कोणता हे आपण मोठे आहात, समजून घ्यावे.

हा विचार मी मनात ठेवला असता. पण फेब्रुवारीत बाजाराला आलेल्या एका माणसाकडून कळले की ललितेला बघायला ओझरचा मुलगा येणार आहे, तोही २९ तारखेच्या रविवारी. मुलगा विमानाच्या कारखान्यात कंत्राटावर आहे, त्याला कंपनीच्या बसचा पास आहे. माझ्याजवळ पास नाही. मागणी घालायला घरातला मोठा पुरुष जावा लागतो, तोही माझ्याजवळ नाही. (आपण आहात, पण तेव्हा बोलणे नव्हते.) पाड्यावर फोन नाही. खालच्या गावात ग्रामपंचायतीत एक आहे, तो पेटीत कुलूप लावून ठेवतात, कारण तो वापरला जातो. तेव्हा मी ठरवले की पत्र लिहावे. राकेशभाऊ म्हणाले, एसएमएस टाक. मी म्हणालो, काकांकडे मोबाईल नाही. ते म्हणाले, मग असल्या सासऱ्याची मुलगी करू नको.

मी तीन आंतरदेशीय पत्रे आणली आणि रविवार दिनांक २२ फेब्रुवारीला आई कामावर गेल्यावर लिहायला बसलो. मामा, पाच वर्षे सायकल चालवली नाही तरी माणूस सायकलवर बसतो आणि ती चालते. लिहिण्याचे तसे नाही. पहिल्या पत्रात मी ‘तीर्थरूप गोटीरामकाका’ असे लिहिले आणि माझ्या अंगावर काटा आला. तीर्थरूप म्हणजे वडील. मागणीच्या आधीच मी त्यांना वडील करून टाकले होते. हे वाचून ते म्हणाले असते, पोराला घाई दिसते. ते पत्र बाद. दुसऱ्यावर चहा सांडला. (चहा मीच ठेवला होता, कोणाचा दोष नाही.) तिसऱ्यावर मी श्वास रोखून शेवटपर्यंत सगळे लिहिले, वाचले, बिनचूक वाटले, आणि मग वर उजव्या कोपऱ्यात गावाचे नाव पाहिले. मी ‘नाशीक’ लिहिले होते. दीर्घ.

नाशिक कोणी नाशिक लिहितो, कोणी नासिक लिहितो. दोन्ही पाट्या मी पाहिल्या आहेत. नाशीक कोणीही लिहीत नाही. मी स्वतः कसे लिहिले हे मला अजून कळलेले नाही. जिथे राहतो त्या गावाचे नाव ज्याला लिहिता येत नाही, त्याला मुलगी कोण देईल? खोडावे तर खाडाखोड दिसते, आणि मागणीच्या पत्रात खाडाखोड म्हणजे नवऱ्या मुलाच्या शर्टाला ठिगळ. रविवार असल्याने पोस्ट बंद. सोमवारी नवीन आणून पुन्हा लिहिले असते तर पत्र वेळेवर पोहोचण्याची खात्री नव्हती. म्हणून मी पट्टी ठेवली आणि तो कोपरा नीट, सरळ रेषेत, त्रिकोणी फाडून टाकला. पत्र स्वच्छ दिसू लागले. घडी घातली, चिकटवले, आणि नळावर जाऊन हात धुऊन पेटीत टाकले.

मामा, मयताच्या पत्राचा कोपरा फाडतात. हे मला माहीत नव्हते असे नाही. निफाडला असताना अशी पत्रे मी स्वतः लिहिली आणि स्वतःच्या हाताने कोपरे फाडले आहेत. पण पाच वर्षांत ते माझ्या डोक्यातून असे काही गेले, की पेटीत टाकताना मला फक्त एवढेच समाधान होते की दीर्घ गेली.

पुढचे मला नंतर कळले. शनिवारी दुपारी पोस्टमन बहिरू पत्र घेऊन पाड्यावर चढला. फाटका कोपरा पाहून त्याने पत्र कोणाच्या हातात दिले नाही. घरापासून लांब, आंब्याखाली उभा राहून हाक मारली. असले पत्र घरात नेत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक. गोटीरामकाकांचा चष्मा फुटलेला असल्यामुळे बहिरूनेच उघडून वाचायला घेतले. पाठवणाऱ्याच्या जागी माझे नाव होते. आत मायन्यानंतर पहिलेच वाक्य असे होते: ‘विनंती विशेष, कळविण्यास कारण की, आमच्या आईची फार दिवसांपासून एक इच्छा होती.’

बहिरूने तिथे वाचणे थांबवले. म्हणाला, “गेल्या. ‘होती’ लिहिलंय.” बायकांनी एकदम गळा काढला. बहिरूने रीतीप्रमाणे पत्राचे तुकडे करून ओढ्यात टाकले, आणि सगळ्या घराने थंड पाण्याने अंघोळ केली.

या ठिकाणी मी एक खुलासा करू इच्छितो. ‘होती’ हे रूप व्याकरणदृष्ट्या बरोबर आहे. इच्छा फार दिवसांपासूनची असल्यामुळे भूतकाळ योग्यच ठरतो. पुढच्या ओळीत मी ‘आणि ती अजूनही आहे’ असे स्पष्ट लिहिले होते. पण पुढची ओळ ओढ्यात गेली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी सकाळी, गोटीरामकाका, त्यांची म्हातारी बहीण विठाबाई, ललिता आणि पाड्यावरची इतर माणसे जीप करून नाशिकला निघाली. वाटेत पेठला थांबून त्यांनी एका व्यापाऱ्याबरोबर आपल्याकडे निरोप धाडला. (तो पोहोचला की नाही हे आपणच कळवावे. त्यावर पुढे बरेच अवलंबून आहे.)

मी दूध आणायला गेलो होतो. आई घरात दाराकडे पाठ करून तांदूळ निवडत होती. जीप थांबली आणि बायका तोंडाला पदर लावून रडतच आत शिरल्या. आमच्या खोलीला खिडकी नाही. बाहेरच्या उन्हातून आत आलेल्या माणसाला आधी काही दिसत नाही, आणि विठाबाईला तर उन्हातही दिसत नाही. तिने पहिली जी बाई हाताला लागली तिच्या गळ्यात मिठी घातली आणि हंबरडा फोडला, “कशी गं गेली माझी बाई! आता अशी मानूस परत नाय व्हायची!” ती बाई म्हणजे आई. आईला वाटले, गोटीरामकाकांची बायको गेली. (काकू गुडघ्यामुळे आल्या नव्हत्या.) दारात रडत आलेल्या माणसाला ‘कोण गेले’ म्हणून विचारणे वाईट दिसते, तेव्हा आईनेही पदर डोळ्याला लावला आणि विठाबाईच्या गळ्यात पडून रडू लागली.

मी दूध घेऊन आलो तर आत हा आकांत चाललेला, बाहेर पुरुष खाली माना घालून बसलेले. मला वाटले, त्यांच्याकडचेच कोणी गेले. मी चपला काढल्या, दुधाची पिशवी खिळ्याला अडकवली आणि त्यांच्या रांगेत मान खाली घालून बसलो. गोटीरामकाकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

“धीर धर पोरा.”

“तुम्हीही धरा, काका.”

“आमचं काय, आम्ही परकी.”

“असं कसं, काका.”

मग त्यांनी हळूच विचारले, “कदी झालं?” मी म्हणालो, “मला काय कल्पना, तुम्हीच सांगा.” त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि शेजारच्याला म्हणाले, “डोक्यावर परिणाम झालाय.”

आतमध्ये विठाबाई सांगत होती, “तोंडाची फटकळ होती, पन हाताची सढळ होती गं!” आई हुंदके देत म्हणाली, “होती गं, लय फटकळ होती.” विठाबाई म्हणाली, “भांडायची, पन मनात नाय ठेवायची.” आई म्हणाली, “नाय गं ठेवायची. मी किती येळा ऐकून घेतलंय तिचं.” असे दोघींचे बराच वेळ चालले होते. आई पुढे मला म्हणाली की इतके मोकळेपणी ती वडील गेले तेव्हाही रडली नव्हती. शेवटी विठाबाईने पदराने नाक पुसले आणि म्हणाली, “आता त्या धनराजला भाकर कोन करून घालंल गं?”

आईचे रडणे एकदम थांबले. ती म्हणाली, “का? मी काय मेले का?”

बाहेर खिळ्यावरच्या पिशवीतून दूध ठिबकत होते, तेवढे ऐकू येत होते. मग विठाबाईने आईचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, ओळखला, आणि तिच्यावर ओरडली, “मेली नाय तर रडत कशाला होतीस?”

“तुम्ही रडत होत्या म्हणून!”

पुढचा अर्धा तास माझ्या चौकशीत गेला. मी कोपरा का फाडला हे मी समजावून सांगितले. ऱ्हस्व-दीर्घाचा नियम सांगितला. कोणाला पटले असे वाटत नाही. गोटीरामकाका सगळे ऐकून घेऊन म्हणाले, “म्हंजी ‘शी’ची वेलांटी चुकली म्हनून तू आईला मारलंस.” मी म्हणालो, काका, नेमके तसे नाही. पण मामा, नेमके तसेच आहे.

आई मात्र खूश होती. तिने कोणालाही जेवल्याशिवाय जाऊ दिले नाही. भाकऱ्या थापता थापता ती एकेकीला विचारत होती की जीपमध्ये तिच्याबद्दल कोण काय बोलले. फटकळ हा शब्द आधी कोणी काढला, हे तिने बरोबर शोधून काढले. शेजारणी बघायला आल्या. एकीने सांगितले की जिवंत माणसाची अशी बातमी उठली तर त्याचे आयुष्य वाढते. दुसरी म्हणाली, २९ तारखेला गेली असतीस तर पोराला चार वर्षांतून एकदाच जेवण घालावे लागले असते. सगळ्यांचे हसणे चालले होते.

मग विठाबाईने गाठोड्यातून एक कोरे लुगडे काढले. म्हणाली, “तुझ्यासाठीच घेतलं व्हतं. शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, पन तुझा भाऊ येतो का नाय म्हनून मीच आनलं. आता जित्तेपनीच नेस.” आईने लुगड्याला हात लावला नाही. तिने विचारले, “जयरामला सांगितलं व्हतं?” गोटीरामकाका म्हणाले, निरोप धाडला होता. आई म्हणाली, “मग तो येईल.” ती संध्याकाळपर्यंत दारात बसून होती. माणसे निघून गेली, जीपही गेली. भाकरी तिने बारा माणसांच्या हिशेबाने केल्या होत्या. एकाची झाकून ठेवली होती, ती दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाल्ली. त्या दिवसापासून ती आपला विषय काढत नाही. पूर्वी रोज काढत असे, आणि शिव्या देत असे. तेव्हा बरे होते.

आता ललितेचे. सगळे जेवत असताना ती हात धुवायला नळावर आली. मी तिथे दुधाची पिशवी धूत होतो. ती म्हणाली, “पत्राचं पुढचं कुनी वाचलंच नाय. काय व्हतं त्यात?”

मी म्हणालो, “लिहून कळवतो.”

ती म्हणाली, “आता लिहिलंस तर आमच्या बाबाला परत अंघोळ करावी लागंल. बोल.”

पत्र चिकटवण्याआधी मी दुकान उघडून त्याची झेरॉक्स काढून ठेवली होती. (महत्त्वाच्या कागदाची एक प्रत जवळ असावी, ही सवय दुकानाची.) ती खिशातून काढून दिली. तिने ती नळाच्या कट्ट्यावर बसून पूर्ण वाचली, सावकाश. मी पिशवी पुन्हा धुतली. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “यात माझ्या बापाला विचारलंय, तुझ्या आईला काय वाटतं ते लिहिलंय, राकेशभाऊ पगार चांगला देतो ते लिहिलंय. मला कुठं विचारलंय?”

मी म्हणालो, “तो मुद्दा मी दुसऱ्या पत्रात घेणार होतो.”

त्यावर ती इतकी हसली की आतून विठाबाईने विचारले, आता कोण गेले. मग तिने झेरॉक्सची घडी घालून आपल्याजवळ ठेवली, परत दिली नाही, आणि म्हणाली, “ओझरचा आज येऊन गेला असंल. घरात एकटी माझी आई बघितली असंल. पाडव्याला परत येतो म्हनून सांगून गेलं असतील, मला खात्री हाय, ती मानसं सोडायची नाय. आन आमचा बाबा ज्याचं मानूस आधी येईल त्याचं ऐकंल. मानूस धाड. कागद नको.”

नंतर चौकशी केली तेव्हा कळले की तसेच झाले होते. ओझरचे पाहुणे त्याच सकाळी पेढे घेऊन पाड्यावर चढले. काकूंनी त्यांना सांगितले की बाकी सगळे मयताला गेले आहेत. अशा वेळी पेढे परत नेणे वाईट आणि ठेवून जाणेही वाईट, म्हणून त्यांनी ते बहिरूला दिले आणि पाडव्याला येतो असे सांगून गेले. म्हणजे माझे पत्र वाया गेले असे नाही. जे काम ते वाचून झाले नसते ते न वाचता झाले, असे राकेशभाऊंचे मत आहे.

निघताना मी धीर करून गोटीरामकाकांच्या पाया पडलो. ते जीपमध्ये बसत म्हणाले, “अक्षर तुझं झ्याक हाय, बहिरू सांगत व्हता. पन माझ्या दारात आता तुझा कागद नको. तुझं मोठं मानूस येऊ दे. बापाच्या जागी मामा असतो ना?”

मी म्हणालो, “असतो.”

मामा, माझे सर्व म्हणणे एवढेच होते. आपण असता.

घरातील सर्वांस यथायोग्य नमस्कार व मुलांस आशीर्वाद (शी दीर्घ) सांगावा. नळाला पाणी येऊन गेले, मी लिहीत असल्यामुळे बादली मागे राहिली. कळावे.

आपला आज्ञाधारक भाचा,
धनराज मंगळू

ता. क. — पाडवा रविवार दिनांक २१ मार्चला आहे. ओझरचे लोक सकाळीच येतील असा अंदाज आहे, त्यांच्याकडे बसचा पास आहे. तेव्हा आपण निदान शनिवारी संध्याकाळी पाड्यावर पोहोचावे, ही नम्र विनंती. मी गोटीरामकाकांना आधीच निरोप दिला आहे की आपण येत आहात. तो देताना आपली परवानगी घेता आली नाही, कारण तेव्हा हे पत्र लिहून झाले नव्हते.

दुसरा ता. क. — हे पत्र मी आईला न सांगता लिहीत होतो. तिने मघाशी मला वाकून लिहिताना पाहिले आणि विचारले, कोणाला. मी म्हणालो, रेशनच्या कार्यालयाला. ती म्हणाली, मग त्यात मी जिवंत हाय म्हनून पन लिही, नायतर नाव काढतील. ते मी वर लिहिलेलेच आहे.

तिसरा ता. क. — वेळ साडेनऊ. मी दुकानात जाऊन पत्राची एक झेरॉक्स काढून परत आलो तर घराला कुलूप. शेजारणीने सांगितले की आईला सगळे आधीच माहीत होते. ललितेने जाताना तिला सांगितले होते. आई म्हणाली म्हणे, “त्याचं लिहून होईस्तवर त्या पोरीला नातवंडं होतील,” आणि सुरगाण्याच्या एसटीने आपल्याकडे यायला निघाली. चांगली साडी नेसली आहे. कोणाशी बोलायचे नाही, नुसते दारात उभे राहायचे आणि तो काय करतो ते बघायचे, असे शेजारणीला सांगून गेली आहे.

तेव्हा मामा, पेठचा निरोप आपणास मिळाला असेल आणि दारात आई उभी दिसली, तर घाबरू नये. मामींना आधी बाहेर पाठवू नये. ती जिवंत आहे, रागावलेली आहे आणि उपाशी निघाली आहे. तिला पाणी द्यावे, बसवावे, आणि रडायचे असल्यास दोघांनी आपापले रडून घ्यावे, पण कोण गेले हे आधी ठरवून घ्यावे. ही सूचना महत्त्वाची आहे. एसटी दुपारी पोहोचते आणि हे पत्र आपणास शुक्रवारी मिळेल.